ताबा कोण घेणार? माझ्या लघुप्रबंधाचा अनुभव

पाणीपुरवठ्याच्या नोकरीतून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. साताऱ्यात घरी बसून करायचं काय, म्हणून दूरशिक्षणातून राज्यशास्त्राच्या एम.ए.ला नाव घातलं. शेवटी लघुप्रबंध आला. बरोबरच्या पोरांनी महिला आरक्षण, ग्रामसभा असे विषय उचलले. मी दिला : युद्धानंतरची पुनर्बांधणी आणि स्थानिक शासनाकडे हस्तांतरण, उदाहरण इराकचं. मार्गदर्शक मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. म्हणाल्या, "काका, इराकला जाऊन माहिती गोळा करणार आहात का?"

जायची गरज पडली नाही. अमेरिकेने इराकमधल्या आपल्याच खर्चाची तपासणी करायला खास महानिरीक्षक नेमला होता. त्याचे अहवाल इंटरनेटवर फुकट मिळतात. इंग्रजी किचकट, पण एमबी, म्हणजे कामाच्या मोजमापाची वही, तपासण्यात हयात गेलेल्या माणसाला ऑडिट कळायला वेळ लागत नाही. राजकीय भाग मी भराभर उरकला. मे 2003 मध्ये अमेरिकेने इराकवर नेमलेले प्रशासक पॉल ब्रेमर बगदादला आले, 28 जून 2004 ला, ठरल्या तारखेच्या दोन दिवस आधीच, इराकी सरकारकडे सत्ता सोपवून त्याच दिवशी विमानात बसले.

खरा मजकूर पुढे होता. 2007 च्या एका ऑडिटमध्ये लिहिलंय की जुलै 2006 पासून इराक सरकारने पूर्ण झालेला एकही प्रकल्प रीतसर ताब्यात घेतलेला नाही. मग अमेरिकी यंत्रणा एकतर्फीच ताबा देऊन मोकळ्या होऊ लागल्या. हे वाचून मी एकटाच हसलो. माण-खटावात नळयोजना पूर्ण झाली की ताबा पावतीवर सही करायला सरपंच सापडायचेच नाहीत. सापडले तर म्हणायचे, "साहेब, सही केली की लाइट बिल आमच्या बोडक्यावर. आधी वर्षभर चालवून दाखवा." त्यांचं काय चुकलं? पावतीत मोटार, स्टार्टर, व्हॉल्व्हच्या चाव्या, टाकीची लोखंडी शिडीसुद्धा असायची. ऑपरेटरचा पगार कशातून निघणार, याला मात्र रकाना नसायचा.

इराकमधल्याच नासिरिया शहराचा जलशुद्धीकरण प्रकल्प सुमारे 27.7 कोटी डॉलरचा. बांधकाम चांगलं झालं होतं, पण पूर्ण क्षमतेने चालेना : वीज अपुरी, शहरातले जुने पाइप गळके, वाटेत बेकायदा जोड. नावगाव झाकून हा उतारा एका जुन्या सहकाऱ्याला वाचून दाखवला, तर तो म्हणाला, "ही कुठली रे प्रादेशिक योजना, आपल्याच जिल्ह्यातली का?"

मॅडमनी पहिला मसुदा लाल करून परत दिला. "काका, तुमचे किस्से कमी, संदर्भ जास्त." किस्से गेले, थोडं वाईट वाटलं. मग त्यांनीच जर्मनीची वाट दाखवली आणि तिथे मला हवं ते सापडलं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या ताब्यातल्या भागात पहिल्या निवडणुका जानेवारी 1946 मध्ये झाल्या, त्या छोट्या गावांच्या. पुढे जिल्हे, मोठी शहरं, मग राज्यं. आणि देशाचं सरकार 1949 ला. म्हणजे खालून वर. इराकमध्ये उलटं, आधी बगदाद. माझं म्हणणं एवढंच होतं की योजना कागदावर असतानाच ती चालवणारा माणूस आणि त्याचा पैसा ठरला पाहिजे, काम झाल्यावर नव्हे.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर कडक. त्यांनी थेट विचारलं, "गोळीबार चालू असताना ग्रामसभा कोण घेणार?" प्रश्न रास्त होता. मी म्हणालो, "सर, ग्रामसभा नाही घेता येणार. पण पंप कुणाच्या हाती द्यायचा हे त्या गल्लीतल्या माणसाला विचारता येतं." त्यांना ते पुरेसं वाटलं नाही. सुरक्षेवर वेगळं प्रकरण जोडा, म्हणाले. बाइंडिंग केलेल्या प्रती सोडवून नव्याने बांधाव्या लागल्या, पण ते प्रकरण हवंच होतं. जर्मनीत लढाई संपली होती, इराकमध्ये हस्तांतरण चालू असताना ती पेटलेली होती. गावातल्या कुणी पंप हाती घेतला तर त्याच्याच जिवाला धोका, हे माझ्या आराखड्यात बसवताना मला सगळ्यात जास्त घाम फुटला.