नागपूरच्या अंगणातील वसंत आणि हिवाळ्यातील तहान

पंचांगाप्रमाणे वसंत ऋतू चैत्र-वैशाखात येतो. परंतु नागपूरच्या अंगणातील झाडे पंचांगाच्या बरीच आधी जागी होतात. चैत्र लागतो तेव्हा येथे दुपारचा पारा चाळिशीकडे सरकलेला असतो, घरोघरी कूलरला नवी खस लावून झालेली असते आणि कुंड्यांतील पेटुनियाने मान टाकायला सुरुवात केलेली असते. आमच्याकडचा खरा बहर माघाच्या उत्तरार्धापासून होळीच्या आसपासपर्यंतचा, जेमतेम काही आठवड्यांचा, आणि त्या आठवड्यांत कोणत्या झाडाला किती फुले येतील हे बरेचसे डिसेंबर-जानेवारीतच ठरून गेलेले असते. म्हणूनच फुलांविषयी लिहिताना मला आधी हिवाळ्यातील तहानेविषयी लिहावे लागते.

संत्र्याच्या बागाईतदारांना ही गोष्ट पिढ्यानुपिढ्या ठाऊक आहे. काटोल, नरखेड, वरूड या पट्ट्यात आंबिया बहार, म्हणजे आंब्याच्या मोहराच्या सुमारास येणारा फुलोरा, धरायचा असला की डिसेंबरमध्ये बागेचे पाणी तोडतात. थंडीमुळे झाडाची वाढ आधीच मंदावलेली असते. त्यात मुळांना पाणी मिळेनासे झाले की झाड नवी पालवी काढणे थांबवते, तयार झालेले अन्न फांद्यांत साठू लागते, पाने मलूल दिसू लागतात आणि काही पिवळी पडून गळतात. हलक्या, मुरमाड जमिनीत हा ताण साधारण महिनाभरात बसतो. भारी काळ्या जमिनीत ओल खोलवर टिकून राहत असल्यामुळे त्याला दीड-दोन महिनेही लागतात. त्यानंतर झाडांच्या बुंध्याभोवतीची आळी हलकेच चाळून शेणखत घालतात आणि पहिले पाणी मुद्दाम बेताचे सोडतात, कारण तहानलेल्या झाडाला एकदम भरपूर पाणी मिळाले तर कळ्यांऐवजी नुसती पालवी फुटण्याचा धोका असतो. काटोलकडील माझ्या मामांच्या बागेत हे सारे मी लहानपणापासून पाहत आलो आहे आणि घरच्या बागेला त्याहून उपयोगी पडेल असे शिक्षण मला दुसरीकडे कोठेही मिळालेले नाही.

आमच्या ले-आउटमधील अनेक घरांच्या आवारात संत्र्याचे किंवा कागदी लिंबाचे एखादे झाड आहे आणि ‘झाड हिरवेगार आहे, पण फुलत नाही’ ही तक्रार दर वर्षी कोणीतरी करतेच. पाहायला गेल्यावर बहुधा असे दिसते की मोरीचे नाहीतर टाकीतून वाहून जाणारे पाणी बाराही महिने त्या झाडाच्या आळ्यात उतरत असते. अशा झाडाला विसावा ठाऊकच नसतो. पाण्याची वाट दुसरीकडे वळवून डिसेंबरपासून आळे कोरडे राहू दिले आणि जानेवारीच्या उत्तरार्धात शेणखत व थोडी निंबोळी ढेप देऊन बेताने पाणी सुरू केले, तर निरोगी आणि वयात आलेले झाड सहसा निराश करत नाही. आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी. नागपुरी संत्र्याची कलमे बहुतेक वेळा जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर, म्हणजे मुळांकडच्या रोपावर, बांधलेली असतात. कलमाच्या डोळ्याच्या, म्हणजे जोडाच्या, खालून फुटलेली, जोमदार आणि काटेरी फांदी ही त्या खुंटाची असते, आणि ती वाढू दिली तर कालांतराने संत्र्याला मागे टाकून तीच झाड होऊन बसते. ती दिसताच बुडाशी काढून टाकावी.

फुलोरा आला की मात्र या झाडाची बरोबरी करणारे आमच्या अंगणात दुसरे काही उरत नाही. पाच जाड, मेणचट, पांढऱ्या पाकळ्यांचे फूल दिसायला लहान असते. परंतु सकाळी ऊन चढण्यापूर्वी त्याचा सुगंध फाटकापर्यंत येतो आणि गल्लीतून जाणारी माणसे पावले मंदावून झाडाकडे पाहतात. कोवळ्या पानांसोबत आलेली फुले आणि निष्पर्ण काडीवर झुपक्याने आलेली फुले असे दोन्ही प्रकार एकाच झाडावर असतात. फळ धरण्याच्या दृष्टीने पानांसोबतची फुले अधिक भरवशाची. बाकीच्यांचा जमिनीवर सडा पडतो आणि नवख्या माणसाला ते पाहून काळजी वाटते. पण संत्र्याच्या शेकडो फुलांपैकी अगदी थोडीच फळापर्यंत पोहोचतात, आणि ही गळ झाडाचा स्वभावच आहे. या दिवसांत फुलोरी माश्या दिवसभर झाडावर गुणगुणत असतात, त्यामुळे मी झाडावर कोणतीही फवारणी करत नाही. लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्या कोवळी पाने खातात, हे खरे आहे. लहानपणी त्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात आणि मोठ्या झाल्या की हिरव्या होतात. मोठ्या झाडाने त्यांना चार पाने दिली तरी त्याचे काही बिघडत नाही, असे माझे ठाम मत आहे. रोप लहान असेल तर मात्र त्या हाताने वेचून घ्याव्यात.

हाच ताणाचा नियम मोगऱ्याला आणखी स्पष्टपणे लागू पडतो. थंडीत त्याचे पाणी तोडून, जानेवारीत जमिनीपासून दीड-दोन फुटांवर त्याची छाटणी करावी आणि मग खत व पाणी द्यावे. मोगऱ्याची कळी नव्या फुटव्याच्या टोकाला येते, त्यामुळे जुन्या काड्या राखून ठेवण्यात काहीच लाभ नाही. छाटलेला मोगरा आठवडाभर अगदी उजाड दिसतो आणि घरातील वडीलधाऱ्यांना ते पाहवत नाही. माझी आई तर त्या दिवसांत तिकडे जाणेच टाळते. परंतु मार्चमध्ये, ऊन तापू लागताच, प्रत्येक फुटव्याच्या शेंड्यावर कळ्यांचे तुरे दिसतात, आणि पुढे उन्हाळाभर ज्या झाडाने घराला सांभाळायचे असते त्याची ही सुरुवात असते. गजऱ्यासाठी कळी सकाळीच, मिटलेली असताना खुडावी. ती संध्याकाळी उमलते, रात्रभर दरवळते आणि दुसऱ्या दिवशी कोमेजून किंचित जांभळट होते. नत्राचे खत फार दिल्यास मोगरा पानांनी गच्च होतो आणि फुलांना विसरतो.

बोगनवेलीविषयी फार लिहिण्याची गरज नाही. तिला भरपूर ऊन आणि थोडी उपेक्षा द्यावी. कोरड्या मातीत ती अधिक रंगते. आपण ज्यांना पाकळ्या समजतो ती रंगीत पाने असतात आणि खरे फूल त्यांच्या मधोमध असलेली छोटी पांढरी नळी असते.

ऑक्टोबरमध्ये पेरलेली फ्लॉक्स, डायान्थस आणि पेटुनिया या सुमारास अखेरच्या भरात असतात. त्यांना ताणाचा विचार लागू नाही. त्यांचे आयुष्यच एका हंगामाचे, आणि पाणी चुकले की ती लगेच बी धरू लागतात. सुकलेली फुले रोज खुडत राहिल्यास त्यांचा बहर बराच लांबतो. जास्वंदीवर या दिवसांत शिंजीर हा मध पिणारा चिमुकला पक्षी येतो. नराचा रंग विणीच्या हंगामासाठी गडद निळा-जांभळा झालेला असतो, आणि फुलाच्या तोंडाशी जाण्याऐवजी तो कित्येकदा बुडाशी भोक पाडूनच मध चोखतो.

या साऱ्यावर एक सावट असते ते अवकाळी पावसाचे. फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भात गारा पडतात आणि आंब्याचा मोहर, संत्र्याची फुले व शेतातील गहू-हरभरा एका दुपारीच झोडपला जातो. घरच्या बागेत कुंड्या पोर्चमध्ये ओढता येतात; बागाईतदाराला तसे काही करता येत नाही, आणि आभाळ काळवंडले की माझे लक्ष आपल्या अंगणापेक्षा काटोलहून येणाऱ्या फोनकडेच अधिक असते.

मार्च संपता संपता हंगामी रोपे काढून त्यांचे बी कागदाच्या पुड्यांत भरून घ्यावे, गुलाबाच्या व नाजूक रोपांच्या कुंड्या हिरव्या जाळीखाली हलवाव्यात आणि मोगरा मात्र उन्हातच राहू द्यावा. संत्र्याच्या आळ्यात आता वाळलेल्या पानांचा जाड थर पसरून पाणी नियमित द्यायचे असते, कारण वाटाण्याएवढ्या फळांना आता तहान सोसत नाही; काळ्या मातीला भेगा पडल्या तर बारीक मुळे तुटतात आणि धरलेली फळेही गळून जातात.