सर्व्हे नंबर 143 आणि अप्पांचं मृत्युपत्र

माझे वडील, अप्पा, गेले फेब्रुवारी 2022 मध्ये. वडाच्या शेताच्या सातबाऱ्यावर माझं नाव लागलं एप्रिल 2023 मध्ये. या चौदा महिन्यांपैकी सात महिने एका जुन्या कागदाच्या नकलेसाठी गेले, आणि त्या सात महिन्यांचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. म्हणून लिहिते आहे. तुमच्या घरात कुणी मृत्युपत्र करायचं मनावर घेतलं असेल, तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल, पण एवढं करा: त्या दिवशीचा सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या नावावरच्या सगळ्या जमिनींचा उतारा) काढा, समोर ठेवा, आणि गट नंबर, क्षेत्र, आकार (म्हणजे शेतसारा) त्यातूनच उतरवून घ्या. जुन्या खरेदीखतातून उतरवू नका.

आमच्या अप्पांनी खरेदीखतातून उतरवलं.

अप्पा प्राथमिक शिक्षक. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव. पगारातून पै-पै बाजूला टाकून त्यांनी 1968 मध्ये ओढ्याकाठची वडाच्या झाडाची जमीन घेतली आणि 1989 मध्ये माळाकडची. दोन्ही स्वकष्टार्जित, त्यामुळे कुणाला काय द्यायचं हे सर्वस्वी त्यांच्या हातात होतं. (जमीन वडिलोपार्जित असेल, तर मृत्युपत्र फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरतं करता येतं. बाकीच्यात मुलांचा आणि मुलींचाही जन्मापासूनचा हक्क असतो. हे न बघता केलेली मृत्युपत्रं पुढे कोर्टात अडकतात.) 2016 मध्ये त्यांनी लिहून ठेवलं: माळाची जमीन आणि घर दादाला आणि धाकट्या भावाला निम्मं-निम्मं, वडाचं शेत मला. आई शेवटची दोन वर्षं माझ्याकडे पुण्यात होती. ‘मुलीने आईची सेवा केली, म्हणून समाधानाने देत आहे’ असं एक वाक्य त्यात आहे. ते मी किती वेळा वाचलं असेल, सांगता येणार नाही.

मृत्युपत्र त्यांनी दुय्यम निबंधकांकडे नोंदवलंही होतं. मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणी फी शंभर रुपये. नोंदणी सक्तीची नाही, तरी करावी. आम्ही मात्र असं धरून चाललो होतो की नोंदणी झाली म्हणजे सगळं तपासून झालं. तसं नसतं. समोर बसलेल्या माणसानं स्वतः सही केली, एवढंच तिथं पाहिलं जातं. आत लिहिलेला नंबर आज दप्तरात आहे की नाही, हे कुणी पाहत नाही.

मृत्यूचा दाखला, मृत्युपत्राची प्रमाणित नक्कल, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सातबारे, आठ-अ असं सगळं घेऊन एप्रिलमध्ये आम्ही तिघं चावडीवर गेलो. मुंबईबाहेरची मिळकत असल्यानं प्रोबेटचा, म्हणजे कोर्टाकडून मृत्युपत्र शाबीत करून घेण्याचा, प्रश्न नव्हता. माळाच्या जमिनीची नोंद (नाव बदलण्याचा फेरफार) तलाठी भाऊसाहेबांनी लगेच धरली. हरकती मागवणाऱ्या नमुना नऊच्या नोटिसा निघाल्या, पंधरा दिवसांत कुणाची हरकत आली नाही, आणि जूनमध्ये मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली. दोघा भावांची नावं लागली.

माझी नोंद धरलीच नाही. भाऊसाहेबांनी मृत्युपत्रातल्या ओळीवर बोट ठेवलं: सर्व्हे नंबर 143 हिस्सा 2, क्षेत्र 1 एकर 26 गुंठे. “तुमच्या वडिलांच्या खात्यावर गट 512 आहे, क्षेत्र 64 आर. 143/2 म्हणजेच 512, हे मी कशावरून धरायचं?”

त्यांचं चुकत नव्हतं. आमच्या गावात जमिनींचं एकत्रीकरण, म्हणजे तुकडे जोडून नवे गट पाडणं, झालं ते 1968 नंतर. सर्व्हे नंबर गेले, गट नंबर आले. माळाची जमीन 1989 ची, तिच्या खरेदीखतात गट नंबरच होता, म्हणून ती सुटली. वडाच्या शेताचं खरेदीखत त्याच्या आधीचं. अप्पांनी ट्रंकेतून ते काढलं, समोर ठेवलं आणि त्यांच्या सुंदर अक्षरात जसंच्या तसं उतरवलं. उभ्या आयुष्यात त्या शेताला आमच्या घरात कुणी नंबरानं हाक मारली नव्हती. ते वडाचं शेतच होतं. क्षेत्रातही जवळजवळ तीन आरांचा (आर म्हणजे साधारण एक गुंठा) फरक पडत होता, कारण एकत्रीकरणात बांध हलले होते.

जुना सर्व्हे नंबर कोणत्या गटात गेला, हे एकत्रीकरण योजनेच्या पत्रकात असतं, आणि ते पत्रक तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात. तालुक्याचं नाव लिहीत नाही.

जुलैत मी नकलेचा अर्ज दिला. आठ दिवसांनी या म्हणाले. आठ दिवसांनी गेले, तर अभिलेख कक्ष ज्यांच्याकडे आहे ते मोजणीला गेलेले. स्वारगेटहून पहाटेची एसटी धरायची, तिथून तालुक्याला दुसरी गाडी, आणि साडेअकराला खिडकीवर ऐकायचं की आज साहेब नाहीत. ऑगस्टमध्ये दोनदा गेले. एकदा ऐकलं की आमच्या गावाचं दप्तर जिल्ह्याला स्कॅनिंगला गेलंय. जिल्ह्याला गेले, तर तिथल्या बाईंनी नोंदवही उघडून दाखवली की ते दप्तर परत पाठवलंय, तारखेसकट. ती तारीख लिहून घेऊन पुन्हा तालुक्याला. मग कळलं की पत्रक जीर्ण आहे, हाताळता येत नाही. जीर्ण असेल तर तसं लेखी द्या म्हटलं, तर लेखी द्यायला कुणी तयार नाही. शाळेतल्या माझ्या किरकोळ रजा संपल्या. नोव्हेंबरपर्यंत नऊ फेऱ्या झाल्या आणि माझ्या हातात जुलैच्या अर्जाच्या पोचीशिवाय काही नव्हतं.

त्या खिडकीवर मला सगळ्यात जास्त लागलं ते एक बोलणं. सहाव्या की सातव्या फेरीला एक कर्मचारी समजावणीच्या सुरात म्हणाले, “ताई, मृत्युपत्र ठेवा बाजूला. साधी वारस नोंद करा, तिघांची नावं येतील. मग तुम्ही भावांना हक्कसोड करून द्या, सगळं मिटलं.” मी विचारलं, “भावांनी मला का नाही?” ते हसले. गावातही तेच ऐकू येत होतं. बहिणीनं जमीन घेतली की माहेर तुटतं, असं एका चुलतीनं मला तोंडावर सांगितलं. वडिलांनी सही करून, दोन साक्षीदार बसवून दिलेली गोष्ट घ्यायला मी आले होते आणि मी काहीतरी हिसकावते आहे असं माझ्याकडे बघितलं जात होतं. त्या दिवशी परतीच्या गाडीत मला रडू आलं. संध्याकाळी दादाला फोन केला. तो म्हणाला, “अप्पांनी तुला दिलंय ना, मग ते तुझंच. मी येतो बरोबर.” वहिनींनी मागून ओरडून सांगितलं की हक्कसोडीवर सही केलीस तर या घरी येऊ नकोस.

यातून सुटका झाली ती माहिती अधिकारानं. हे मी जुलैतच करायला हवं होतं, म्हणून जरा तपशिलात सांगते. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, त्यामुळे गाऱ्हाणं लिहायचं नाही. मी तीनच गोष्टी मागितल्या: माझ्या अर्जावर आजवर झालेल्या कार्यवाहीची प्रत, आमच्या गावाच्या एकत्रीकरण पत्रकातल्या 143/2 च्या पानाची प्रत, आणि पत्रक उपलब्ध नसेल तर तसं लेखी उत्तर. जिल्ह्याच्या नोंदवहीतली ती तारीखही घातली. उत्तराची मुदत तीस दिवस. सत्ताविसाव्या दिवशी फोन आला, “मॅडम, पत्रक सापडलंय.” जानेवारीत दादा आणि मी जाऊन नक्कल आणली. पान जीर्ण वगैरे काही नव्हतं. एका कडेला थोडं फाटलेलं होतं, एवढंच. 143/2 समोर स्वच्छ अक्षरात 512 लिहिलेलं होतं, क्षेत्रासकट.

ज्या वकिलांना मी मधे भेटले होते, त्यांनी दिलासा दिला होता तोही सांगते. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम 78 असं सांगतं की मिळकतीच्या वर्णनातला काही भाग जुळत नसला, पण उरलेल्या वर्णनावरून मिळकत ओळखता येत असली, तर चुकीचा भाग सोडून द्यायचा आणि देणं कायम राहतं. आमच्या बाबतीत चतुःसीमा कामी आल्या. पूर्वेस ओढा, दक्षिणेस वहिवाटीची वाट, बांधावर वड आणि आत विहीर, असं अप्पांनी सविस्तर लिहिलं होतं. नंबर लिहिला की चतुःसीमा कशाला, असं म्हणून त्या गाळू नका.

नकलेसह पुन्हा अर्ज दिला, पुन्हा नोटिसा निघाल्या. क्षेत्राच्या फरकाबद्दल मंडळ अधिकाऱ्यांनी विचारलं, तेव्हा दोघा भावांनी समक्ष जबाब दिला की हीच ती जमीन आणि आमची हरकत नाही. एप्रिलमध्ये नोंद प्रमाणित झाली. पंधरा रुपये भरून मी डिजिटल सहीचा सातबारा काढला आणि गट 512 खाली माझं नाव, अप्पांच्या नावासकट, वाचलं.

साक्षीदारांचं राहिलं. अप्पांनी एक साक्षीदार त्यांच्याच वयाचे घेतले होते, ते 2019 मध्येच वारले. दुसरे त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान, शाळेतले सहकारी. त्यांनी प्रतिज्ञापत्र दिलं. वाद कोर्टात गेला तर निदान एक साक्षीदार हयात असलेला बरा, म्हणून साक्षीदार वयानं लहान घ्या आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांना घेऊ नका.

आणखी एक. मृत्युपत्राच्या शेवटी ‘याव्यतिरिक्त जी काही मिळकत असेल ती अमक्याला’ असा परिच्छेद अप्पांनी लिहिला नव्हता. बँकेतल्या ठेवीचा उल्लेखच राहिला. ठेवीवर नामनिर्देशन दादाचं, त्यामुळे बँकेनं पैसे त्याला दिले. पण नामनिर्देशित माणूस मालक होत नाही, तो इतर वारसांच्या वतीनं रक्कम घेतो. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितलं, आणि तो खटला ‘कालनिर्णय’च्या जयंत साळगावकरांच्या मिळकतीवरून चाललेला होता. दादाला हे कुणी सांगावं लागलं नाही. त्यानं पैसे जमा झाल्याच्या दिवशी तीन सारखे भाग केले.

आता हद्द कायम करायला मोजणी करून घ्यायची आहे. पैसे त्याच कार्यालयात भरले आहेत, मोजणीची तारीख अजून आलेली नाही. पोच जपून ठेवली आहे.