वीरगळ-वही : पावसाळा सरल्यावर

देवळामागची जुन्या कोरीव दगडांची रांग यंदा गवतानं पार गिळली होती. घाणेरी उपटून दगड मोकळे केले. नव्या मंडळींसाठी थोडक्यात: मी चित्रकार. बेवारस पडलेल्या वीरगळांची (लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड) आणि सतीशिळांची (सती गेलेल्या बाईच्या आठवणीचा दगड) निगा राखायची आणि त्याच दगडांची चित्रं पुन्हा पुन्हा काढायची, असा हा न संपणारा उद्योग. सरकारी संरक्षित स्मारकांना मात्र मी हात लावत नाही.

साफसफाई नेहमीचीच. साधं पाणी, मऊ ब्रश, खाचांसाठी बांबूच्या काड्या. तारेचा ब्रश, अ‍ॅसिड यांचं नावच नको. शेवाळ भिजलं की सुटतं. दगडफूल (हो, मसाल्यातल्याचंच भाऊबंद) चिवट. ओरबाडलं तर दगडाचा पापुद्राही निघतो, म्हणून राहू देते.

यंदाची कमाई म्हणजे कडेचा वीरगळ. पावसानं साचलेला गाळ हातानं सारला, तर तळाच्या चौकटीत आडवा पडलेला वीर आणि त्याच्यामागे एकाआड एक गायींची शिंगं! म्हणजे गडी गोधन राखताना पडलेला. वर लढाई, त्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, मग शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. आणखी खणलं नाही; दगड कलायची भीती, शिवाय जमिनीतला पुरावा विस्कटतो. अंधार पडल्यावर बाजूनं टॉर्च मारून कोळशानं चित्र काढलं. तिरप्या उजेडात अप्सरेचा हात वीराच्या काखेत दिसला. दुपारी तिथं नुसता उंचवटा असतो. कागद चिकटवून ठसा घेतला नाही, दगड पोपडे धरतोय.

बोरिवलीच्या एकसरला वीरगळांवर गलबतांची लढाई आहे, ते बघायला लोक जातात. इथं गुराख्याशिवाय कोण फिरकतंय!

रांगेतल्या एका दगडाला मात्र कोणीतरी शेंदूर फासून नारळ फोडला. ब्रश काढला तशी शेजारची आजी म्हणाली, "पोरी, त्यो आमचा द्येव हाय, त्याला नगं घासूस." तो दगड यादीतून काढला. कोरीवकाम झाकलं जातंय याची हळहळ आहेच, पण ज्याला रोज दिवा लागतो त्याला बेवारस कसं म्हणू?

खरी धास्ती जीर्णोद्धाराची. देवळाला फरशी बसायची आहे आणि असे दगड पायरीत जायला वेळ लागत नाही. सरपंचांना चित्रं दाखवली. रांग हलवणार नाही म्हणालेत. आता त्यांच्याच सांगण्यावरून चित्रं शाळेत लावायची आहेत. कोळसा पुसला जाऊ नये म्हणून तुम्ही कोणतं फिक्सेटिव्ह वापरता?