फळ्यावरची 'बोलणाऱ्यांची नावं' पुसा

शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेला मनाई करतं, तशीच मानसिक त्रासालाही. १ एप्रिल २०१० पासून ते लागू आहे. छडी बऱ्याच शाळांतून गेली, टोमणे राहिले. 'ढ', 'माठ', 'बहिणीकडून शीक जरा' असं सगळ्यांसमोर बोलणं हा मानसिक त्रासच आहे. पुण्यात आजही काही पालक स्वतःहून सांगतात, "बाई, दोन फटके द्या, आमची ना नाही." या परवानगीला कायद्यात काडीची किंमत नाही. सेवानियमांनुसार कारवाई होते ती शिक्षकावर.

"धाकच उरला नाही, मग शिस्त कशी लावायची?" हा शिक्षकांचा सवाल खोटा नाही. पण पहिली ते चौथीत शिस्त म्हणजे बहुतांशी सवयी, आणि त्या जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या दोन आठवड्यांतच बसवाव्या लागतात. नियम तीन-चारच ठेवा. 'पळू नका'पेक्षा 'रांगेत चला' मुलांना चटकन कळतं. मधल्या सुट्टीनंतर वर्गात कल्ला असतोच. त्यावर ओरडलं की कल्ला वाढतो. ठरलेल्या ठेक्यात टाळ्या वाजवा, मुलांनी तोच ठेका परत द्यायचा, आणि शेवटचं मूल गप्प होईपर्यंत थांबा. मग एकच सूचना: "वही काढा." सगळ्यांच्या वह्या बाकावर आल्या की पुढची. एका दमात तीन सूचना दिल्या तर मागचं मूल शेजाऱ्याला विचारतं आणि त्याचंच नाव फळ्यावर लागतं.

मॉनिटरकडून ती नावं लिहून घेणं आजच बंद करा. मॉनिटर त्यात आपली भांडणं काढतो, आणि एकदा नाव लागलेलं मूल 'आता लागलंच आहे' म्हणून तास संपेपर्यंत दंगा करतं.

गृहपाठ न केलेल्यांना उभं केलं तर रोज तीच मुलं उभी राहतात आणि लवकरच 'वही घरी राहिली' म्हणायला शिकतात. हजेरीनंतर बाकापाशी जाऊन हळू आवाजात विचारा, पाचातली दोन गणितं तिथेच करून घ्या. पुष्कळदा कळतं की हातच्याची वजाबाकीच जमलेली नाही. पाणी सांडलं तर फडकं द्या, त्याचं त्याला पुसू द्या.

वर्गात ५० मुलं कोंबली असतील तर यातलं निम्मंही जमणार नाही. कायद्यानुसार प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक हवा. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात; त्यांनी पुढच्या बैठकीत पट आणि शिक्षकसंख्या आधी मागून घ्यावी.