सेंड-ऑफ

आम्ही पेठेतले मराठी माध्यमवाले. इंग्रजीशी गाठ पडली ती पाचवीत. फुटबॉल हा कॅम्पातल्या नि खडकीतल्या पोरांचा खेळ, आपला क्रिकेट, अशी सरळ वाटणी होती. पण १९९० साली वाड्यातल्या एकुलत्या रंगीत टीव्हीवर इटलीतला वर्ल्ड कप दिसला आणि आम्ही बिघडलो. मी तेव्हा दहावीत.

८ जुलैची फायनल, पश्चिम जर्मनी विरुद्ध अर्जेंटिना. आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. उत्तरार्धात अर्जेंटिनाच्या मॉन्झॉनला लाल कार्ड मिळालं, कॉमेंटेटर 'सेंट ऑफ' म्हणाला. वाड्यातला इंग्रजीचा जाणकार मी! "त्याचा सेंड-ऑफ आहे, रिटायर होतोय," मी जाहीर केलं. काका म्हणाले, "मग हार कुठाय?"

सोमवारी तांबारलेल्या डोळ्यांनी हे इंग्रजीच्या सरांना सांगितलं. सर खडकीहून सायकलवर यायचे. त्यांनी धडा मिटला आणि खडू उचलला. वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये 'सेंट ऑफ', म्हणजे मैदानाबाहेर काढला गेलेला मॉन्झॉन हा पहिलाच खेळाडू, ही माहिती आधी दिली, मग शब्द. 'बुक्ड' म्हणजे तिकीट नव्हे, रेफरीच्या वहीत नाव जाणं. 'क्लीन शीट' म्हणजे सामन्यात एकही गोल न खाणं, त्याला एकानं 'धुतलेली चादर' म्हटलं. तो पुढे गोलकीपर झाला, आणि त्याच्याकडून एकदाही गोल अडला नाही. 'हॅट-ट्रिक' मात्र फुटबॉलनं क्रिकेटकडून उसनी घेतलेली, हे कळल्यावर आमची पेठी कॉलर ताठ झाली.

सगळ्यात रमलो ते 'नटमेग'मध्ये. नटमेग म्हणजे जायफळ. श्रीखंडातलं जायफळ मैदानात कसं आलं? समोरच्याच्या दोन पायांमधून चेंडू काढून पुन्हा आपणच गाठायचा, त्याला नटमेग म्हणतात. त्या पावसाळ्यात चिखलात टेनिसच्या चेंडूनं आम्ही एकमेकांना इतकी जायफळं घातली की विचारू नका. "जायफळ!" असं ओरडलं की समोरचा लाजेनं लाल. स्पेलिंगं तेवढी आपोआप पाठ झाली. व्याकरण नाही झालं, ते अजूनही कच्चंच आहे.

फेब्रुवारीत आमचा निरोप समारंभ झाला. भाषणं, फुलं, बटाटेवडे, सगळं रीतीप्रमाणे. शेवटी मी सरांच्या पाया पडायला वाकलो. सरांनी खिशातून घोटीव कागदाचा लाल तुकडा काढला, हात उंच करून माझ्यासमोर धरला आणि दुसऱ्या हातानं दाराकडे बोट दाखवलं.