सिगारेट ऑपरेशनपुरती सोडली तर चालेल ना?

तुम्ही विचारलंत म्हणून सरळच सांगते. नाही, ऑपरेशनपुरती सोडून भागत नाही. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेआधी निदान सहा आठवडे सिगारेट, विडी, तंबाखू, मशेरी सगळं बंद हवं, आणि नंतर ते बंदच राहायला हवं. मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या बेरिॲट्रिक विभागात मी समुपदेशनाचं काम करते. विरारहून येवो की पनवेलहून, माणूस वजनकाट्यावरून उतरून माझ्यासमोर बसला की हा प्रश्न येतोच. पुरुष तो बायको बाहेर गेल्यावर विचारतात, बायका सासूबाई बाहेर गेल्यावर.

त्याच्या जोडीला दुसराही येतो. "ताई, धूर जातो छातीत आणि ऑपरेशन आहे पोटाचं. मग संबंध काय?"

संबंध रक्ताचा आहे. वजनाच्या ऑपरेशनचे दोन नेहमीचे प्रकार, बायपास आणि स्लीव्ह. बायपासमध्ये (हा हृदयाचा नव्हे, जठराचा) जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी ठेवतात आणि लहान आतडं आणून तिला जोडतात. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि उरलेली नळी स्टेपलच्या लांब ओळीने बंद करतात. जोड असो की ओळ, ती धरते ती तिथे पोचणाऱ्या रक्तामुळे. निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला असा चिकटतो की ऑक्सिजनला जागा उरत नाही. म्हणजे रक्त कमी पोचतं आणि जे पोचतं त्यातही प्राणवायू कमी. जखम भरायला उशीर होतो, टाक्यांत पू होतो, आणि ज्याची सर्जनना सगळ्यात धास्ती असते ती गळती होण्याचा धोका वाढतो. गळती म्हणजे जठरातलं बाहेर पोटाच्या पोकळीत सांडणं. ते मी लांबून पाहिलं आहे, आणि म्हणूनच या एका बाबतीत मी कुणाचीही भीड ठेवत नाही.

आता "ऑपरेशनपुरती"चं उत्तर. जठराचं अस्तर आम्लाला सरावलेलं असतं, आतड्याचं नसतं. बायपासमध्ये ही दोन अस्तरं एकमेकांना भिडतात आणि नेमक्या त्या जोडावर अल्सर होऊ शकतो. तो महिन्या-दोन महिन्यांत होतो तसा काही वर्षांनीही होतो. धूम्रपान हे त्याचं मोठं कारण. ब्रुफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू ही आणखी दोन. जंतूवर औषध देता येतं, गोळी बदलता येते. सिगारेट मात्र तुमच्या हातात आहे, दुसऱ्या कुणाच्याच नाही. अल्सर फुटला तर रात्री-अपरात्री पुन्हा टेबलावर जावं लागतं. वजन उतरलं, मधुमेहाच्या गोळ्या सुटल्या, माणूस लोकलचे जिने धाप न लागता चढायला लागला, आणि मग "आता झालं की सगळं" म्हणून एक पेटवली, असं होतं. जोड आयुष्यभराचा आहे, म्हणून सोडणंही आयुष्यभराचं.

फुप्फुसांचाही वाटा आहेच. वजन जास्त असलं की आडवं झाल्यावर पोट छातीवर दाब देतं, बऱ्याच जणांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असतो, त्यात भूल. आम्ही आधीपासून तीन चेंडूंचं एक साधन हातात देतो. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा, चेंडू वर जातात. सिगारेट ओढणाऱ्यांचा तिसरा चेंडू सुरुवातीला बहुधा जागचा हलत नाही. सोडल्यावर पहिले काही आठवडे उलट खोकला वाढतो, कफ सुटतो. घाबरून जाऊ नका. श्वासनलिकेतली बारीक लव पुन्हा कामाला लागलेली असते. आणि "तारीख जवळ आली, आता सोडून काय उपयोग" असं म्हणणाऱ्यांना सांगते की कार्बन मोनॉक्साइड एका दिवसातच बराच उतरतो. उशीर झाला म्हणून ओढत राहणं यात फायदा कुणाचाच नाही.

तपासणी होते का, हेही विचारतात. होते. लघवीतलं कोटिनिन बघतात. निकोटिन शरीरात मोडलं की कोटिनिन बनतं. निकोटिन काही तासांत उतरतं, कोटिनिन काही दिवस दिसत राहतं. प्लास्टिकची छोटी पट्टी, तीत लघवीचे दोन-तीन थेंब, पाच मिनिटं थांबायचं. या पट्टीवर दोन रेषा म्हणजे कोटिनिन नाही, एकच रेष म्हणजे आहे. घरच्या गरोदरपणाच्या चाचणीच्या बरोबर उलट, त्यामुळे लोक गोंधळतात. साताऱ्याकडच्या, आता घाटकोपरला लेकाकडे राहणाऱ्या एक काकू एकच रेष बघून खूश झाल्या होत्या. एकच रेष म्हणजे कोटिनिन आहे, असं सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "सिगारेट मी जन्मात हातात धरली नाही हो," त्या म्हणाल्या, आणि ते शंभर टक्के खरं होतं. मागे उभी असलेली सून हळूच म्हणाली, "आई, मशेरी लावता ना तुम्ही."

मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटलेली तंबाखूच. पण आपल्याकडे ती दात घासण्यात मोडते, व्यसनात नाही. फॉर्मवर "धूम्रपान करता का" एवढंच छापलेलं असतं आणि बायका प्रामाणिकपणे "नाही" लिहितात. म्हणून आता मी विचारतानाच सगळी नावं घेते: सिगारेट, विडी, हुक्का, तंबाखू-चुना, गुटखा, तपकीर, मशेरी. धूर नसला म्हणून निकोटिन नसतं असं नाही. काकूंची खरी अडचण वेगळीच होती. मशेरीशिवाय सकाळी पोट साफ होत नाही, हे त्यांनी पदराआडून सांगितलं. हे अनेकींचं असतं आणि ते खोटं नाही. निकोटिन आतड्यांना हलवतं, ते थांबलं की काही आठवडे बद्धकोष्ठ होतं. त्याला औषध आहे, पाणी आहे. फक्त आधी सांगा. लाजेने तिकडे परत वळू नका.

सगळ्यात मोठी भीती मात्र वजनाची. "मी वजन उतरवायला आलोय आणि सिगारेट सोडली की माझं वाढणार." बरोबर आहे. निकोटिन भूक मारतं. सोडल्यावर वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वाढतात. पण ज्या माणसाचं चाळीस-पन्नास किलो उतरायचं आहे त्याने या चार-पाच किलोंसाठी जोड धोक्यात घालावा का? शस्त्रक्रियेआधी वजन थोडं हललं तर आहारतज्ज्ञांना सांगा, त्या सांभाळून घेतात.

यातच माझं एक आग्रहाचं सांगणं आहे. तारीख ठरली की साधारण दोन आठवडे कमी उष्मांकाचा, बराचसा पातळ आहार असतो, यकृत आक्रसावं म्हणून. सिगारेट सोडायला ते दिवस निवडू नका. वडापाव, भात, चहाबरोबरची खारी हे सगळं सुटत असताना त्याच आठवड्यात सिगारेटही सुटायला गेली तर माणूस सैरभैर होतो. घरात भांडणं होतात, पोरांवर हात उठतो. सर्जनला पहिल्यांदा भेटलात ना, तोच सोडायचा मुहूर्त. आहार सुरू होईपर्यंत सिगारेट जुनी गोष्ट झालेली असली पाहिजे.

भांडुपचे एक दादा भाड्याची गाडी चालवायचे. पाकीट कधीच विकत घेतलं नाही, टपरीवरून सुट्टी एक-एक. सुट्ट्या सिगारेटच्या विक्रीवर महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे, तरी मिळते. त्यांना मी कागदावर लिहायला सांगितलं: कुठे, कधी, कुणासोबत. तीन जागा निघाल्या. सीएनजीची रांग, जेवणानंतर, आणि विमानतळावर प्रवासी सोडल्यावर. मग आम्ही रांगेपासून सुरुवात केली. तलफ शिखरावर असते ती काही मिनिटंच. तेवढा वेळ काढायचा. दादा रांगेत लेकीला फोन लावू लागले. ती आठवीतली पोर त्यांना त्या दिवशी शाळेत काय झालं ते सांगायची, गाडी पुढे सरकायची, तलफ उतरायची. टपरीवाल्याशी त्यांची दोस्ती होती, त्यालाही त्यांनी मोकळेपणी सांगून टाकलं. पुढे तोच त्यांना "तुम्हाला नाही देणार" म्हणायचा.

चहाचं एक सांगायलाच हवं, कारण ते फारसं कुणी सांगत नाही. धुरामुळे यकृत चहा-कॉफीतलं कॅफीन भराभर निकामी करतं. धूर बंद झाला की तेच दोन कटिंग दुप्पट चढतात. छाती धडधडते, झोप लागत नाही, चिडचिड होते, आणि माणसाला वाटतं सिगारेट सोडल्यामुळे होतंय. चहा-कॉफी निम्मी करा.

सिगारेट सोडताना तलफ भागवायला चघळायची निकोटिनची गोळी मिळते, तिच्याबद्दल विचारता. ती च्युइंग गमसारखी सतत चघळायची नसते. जीभ चुरचुरली की गालात दाबून ठेवायची, चुरचुर गेली की पुन्हा दोनदा चावायची. आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको, नाहीतर ती नीट शोषली जात नाही. २ मिलिग्रॅमची सहज मिळते, पण सर्जनला विचारल्याशिवाय सुरू करू नका. गोळीतही निकोटिनच असतं आणि तिनेही पट्टीवर एकच रेष येते. सुरुवातीच्या आठवड्यांत ती घेऊन नंतर बंद करायची की नाही, हे तुमची टीम ठरवेल. बुप्रोपिऑन, व्हॅरेनिक्लिन ही औषधंही आहेत, ती डॉक्टरच देतात. ई-सिगारेट हा मार्गच नाही. देशात २०१९ पासून तिच्यावर बंदी आहे आणि तिच्यातही बहुतेक वेळा निकोटिनच असतं.

एकट्याने जमत नसेल तर सिगारेटच्या पाकिटावरच नंबर छापलेला असतो, १८००-११-२३५६. फुकट आहे. मराठीत बोला.

आणि समजा नंतर ओढली गेलीच. कुणाच्या लग्नात, कुणाच्या मयताला, रात्रपाळीत. आमच्यापासून लपवू नका. फॉलोअपला यायचं टाळणारे बरेच जण फक्त या एका गोष्टीच्या लाजेने टाळतात, आणि मग जीवनसत्त्वांच्या तपासण्याही राहून जातात. आम्ही ओरडत नाही. बायपास झालेला असेल तर डॉक्टर आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांचा विचार करतील, दुर्बिणीने बघायचं का ते ठरवतील. पण खाल्ल्यावर बेंबीच्या वर दुखू लागलं, शौच डांबरासारखी काळी झाली, उलटीत रक्त दिसलं, तर ॲसिडिटी समजून घरी जेलुसिल पीत बसू नका आणि दुखण्यावर ब्रुफेन तर मुळीच घेऊ नका. पोटात एकदम सुरी खुपसल्यासारखं दुखलं तर ओपीडीची वाट न बघता थेट कॅज्युअल्टीत या, बायपास झाल्याचा कागद सोबत आणा, आणि शेवटची सिगारेट कधी ओढली ते ड्यूटीवरच्या डॉक्टरांना खरं सांगा.