डोमिसाईल काढताना: पत्ता ठाण्याचा, पुरावा जव्हारचा

लेकीची 'नीट' परीक्षा झाली आणि मेडिकलच्या राज्य कोट्यासाठी कागदांची यादी हातात पडली. त्यात वय, अधिवास व राष्ट्रीयत्व असा एक दाखला. बोलताना सगळे त्याला डोमिसाईलच म्हणतात. महाराष्ट्रातला पंधरा वर्षांचा रहिवास दाखवला की मिळतो, एवढंच मला ठाऊक होतं. रहिवासाचं सोपंच होतं: लेक जन्मली ठाण्यात, शिकली ठाण्यात. महापालिकेचा जन्मदाखला आणि मालमत्ता कराच्या पावत्या फाईलमध्ये तयार होत्या. घोडं अडलं ते राष्ट्रीयत्वापाशी.

सेतूतल्या मुलाने विचारलं, "ताई, वडिलांच्या जन्माचं काय आहे?" मी नवऱ्याचं आधार पुढे केलं. "हे पत्त्याला चालेल. जन्माचं शाळेचं काहीतरी आणा."

मला राग आला होता, पण घरी येऊन वाचलं तर त्याचं बरोबर निघालं. आधार इथे राहणाऱ्याला मिळतं, मग तो नागरिक असो वा नसो. 2016 च्या आधार कायद्याच्या कलम 9 मध्येच लिहिलंय की तो नागरिकत्वाचा पुरावा नाही. आणि 1955 च्या नागरिकत्व कायद्यात जन्मतारखेप्रमाणे नियम बदलतो. 26 जानेवारी 1950 पासून 1 जुलै 1987 च्या आधीपर्यंत जो इथे जन्मला, त्याला जन्म पुरेसा. पुढे आई-वडिलांपैकी एक जण भारतीय लागतो. 3 डिसेंबर 2004 पासून दोघेही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. लेक 2007 ची. म्हणजे तिच्या दाखल्यासाठी आमचेच जन्म शोधणं आलं.

माझा शाळा सोडल्याचा दाखला होता. नवऱ्याचा 2005 च्या जुलैतल्या पावसात गेला. तेव्हा आम्ही कळव्याला तळमजल्यावर राहायचो. जन्म 1974 चा, जव्हारजवळच्या पाड्यावर, घरीच. नोंद कोण करणार?

मग वाडा, विक्रमगड करत एसटीने त्याची जिल्हा परिषदेची शाळा गाठली. मुख्याध्यापक बाईंनी कपाटातून जनरल रजिस्टर काढलं. कडा कुरतडलेल्या, शाई फिकी, पण नाव सापडलं. जन्मतारीख 1 जून. त्याच्या वरच्याची 1 जून, खालच्याचीही 1 जून. गुरुजींनी शाळेत घालताना अंदाजाने टाकलेल्या तारखा त्या! "ह्या पानाचा वाढदिवस एकदमच साजरा करायचा," बाई हसत म्हणाल्या. त्यांनी निर्गम उतारा, म्हणजे रजिस्टरमधल्या त्या नोंदीची नक्कल, लिहून शिक्का मारून दिला. नवऱ्याचा जन्म इथला, याचा आमच्याकडचा सगळ्यात जुना कागद आज हाच आहे.

अर्ज भरला, तर शेरा मारून परत आला: जन्मजिल्हा तपासावा. उताऱ्यातल्या नोंदीत जिल्हा ठाणे, शाळेच्या शिक्क्यावर पालघर. अहो, 1 ऑगस्ट 2014 ला जिल्हा फोडला ना! 2011 च्या जनगणनेत 1 कोटी 10 लाखांवर माणसं असलेला, देशातला सगळ्यात मोठ्या लोकसंख्येचा जिल्हा होता तो. ठाण्यातच बसून हे तपासणाऱ्याला ते आठवू नये याचं नवल वाटलं. नोंद मात्र बदलायची नसते, जन्मावेळचा जिल्हा तोच राहतो. बाईंनी "सदर गाव पूर्वी ठाणे जिल्ह्यात समाविष्ट होते" असं पत्र दिलं, ते जोडलं आणि प्रकरण पुढे सरकलं.

मधल्या काळात सल्लेही भरपूर मिळाले. शेजारचे काका म्हणाले, जनगणनेत नावं आहेत की तुमची, ती काढा. तसं होत नाही. 1948 च्या जनगणना कायद्याने ती माहिती गोपनीय असते. आपली नोंद कुणाला पाहता येत नाही आणि ती पुरावा म्हणूनही चालत नाही. बाहेर झेरॉक्सवाला पाचशेचा स्टॅम्प पेपर गळ्यात मारत होता. तोही लागत नाही, असल्या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रावरचं मुद्रांक शुल्क सरकारने माफ केलेलं आहे.

दाखला ऑनलाईनच आला, डिजिटल सहीचा. लेकीने फक्त स्वतःच्या नावाचं स्पेलिंग बघितलं आणि फाईलला लावला. धाकट्याचा अर्ज मी दहावीची परीक्षा संपली की लगेच टाकणार आहे, कारण निकालानंतर सेतूत पाय ठेवायला जागा नसते.